तेच तेच आणि पुन्हा तेच: ‘ओमॅडॉन’च्या श्रोत्यांविषयी

माइक ओल्डफील्डच्या ‘ओमॅडॉन’ या अल्बमवरून दोन मुरलेले श्रोते भांडायला बसले, की भांडण लवकरच ठरावीक जागांवर येऊन थांबतं. पहिल्या बाजूच्या उत्तरार्धात ढोल सुरू होतात ती जागा. दुसऱ्या बाजूची सुरुवातीची चार-पाच मिनिटं. आणि अगदी शेवटी येणारं घोड्यावरचं गाणं. शब्दप्रधान अल्बमवर वाद घालायचा तर कवी काय म्हणतो याचा आधार तरी असतो. इथे जवळजवळ सगळं वाद्यसंगीत, त्यामुळे वाद घालणाऱ्याच्या हाती स्वतःच्या कानांखेरीज काही नसतं. म्हणून की काय, या अल्बमविषयीची मतं वाचताना अल्बमइतकीच मत देणाऱ्याची ओळख पटत जाते. कोण कुठे कंटाळतो, कोण कुठे सावरून बसतो, कोणाला कुठे हसू येतं. पन्नास वर्षं हे चाललं आहे आणि निकाल लागण्याची चिन्हं नाहीत. लागू नये असंच मलाही वाटतं.

ज्यांना ओल्डफील्ड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९५३, इंग्लंडमधल्या रेडिंगचा. वडील डॉक्टर, आई आयर्लंडची. कोवळ्या वयातच रेडिंगच्या लोकसंगीत-क्लबांत गिटार वाजवायला लागला, थोरली बहीण सॅली हिच्याबरोबर एक रेकॉर्डही काढली. मग १९७३मध्ये ‘ट्युब्युलर बेल्स’ आला. व्हर्जिन रेकॉर्ड्सचा हा पहिलाच अल्बम. बहुतेक वाद्यं एकट्या ओल्डफील्डने एकावर एक ध्वनिमुद्रित केलेली. त्याची सुरुवातीची सुरावट ‘द एक्झॉर्सिस्ट’ या चित्रपटात वापरली गेली आणि विशीतला हा लाजराबुजरा पोरगा जगभर पोचला. ओल्डफील्डचं नावही ज्यांनी कधी ऐकलेलं नाही, त्यांनी भुताच्या सिनेमातली म्हणून ही धून ऐकलेली असते. या प्रसिद्धीने तो इतका बावरला की इंग्लंड-वेल्सच्या सीमेवर, हेरफर्डशायरमधल्या किंग्टन गावाजवळ डोंगरावरच्या एका घरात जाऊन राहिला. समोरच्या डोंगररांगेच्या नावावरून पुढचा अल्बम आला, ‘हर्जेस्ट रिज’, १९७४. ब्रिटनच्या खपाच्या यादीत तो पहिला आला आणि त्याला तिथून खाली खेचलं ते ‘ट्युब्युलर बेल्स’नेच. स्वतःच्याच जुन्या रेकॉर्डकडून हरण्याचा मान फार थोड्यांना मिळतो. समीक्षकांनी मात्र ‘हर्जेस्ट रिज’ला झोडपलं. आधीचंच पुन्हा वाजवलंय, असा सूर होता.

‘तेच तेच’ हा आरोप लक्षात ठेवायला हवा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

‘ओमॅडॉन’ १९७५चा. त्याच डोंगरावरच्या घरात यंत्रसामग्री आणून, स्वतःच निर्माता आणि स्वतःच ध्वनिमुद्रक होऊन ओल्डफील्डने तो वर्षातले बरेच महिने खपून केला. वर्षाच्या सुरुवातीलाच आई वारली. एक बाजू बऱ्यापैकी तयार झालेली असताना टेपच दगा देऊ लागली. पुन्हा पुन्हा फिरवून तिच्यावरचा ऑक्साइडचा थर झडायला लागला होता. सगळं नव्याने वाजवावं लागलं. ती पहिली, सोडून दिलेली आवृत्ती २०१०च्या पुनर्मुद्रणात ऐकायला मिळते. ज्यांना अल्बम पाठ आहे त्यांनी ती जरूर ऐकावी. सामग्री ओळखीची असते, पण नंतरच्या आवृत्तीची उंची तिथे अजून आलेली नाही. पुन्हा करावं लागलं हे बरंच झालं, असं म्हणणाऱ्यांत मी आहे.

आता सेल्टिक रंगाकडे. या अल्बमवर सेल्टिक हा शिक्का बसला तो प्रामुख्याने एका माणसामुळे आणि एका वाद्यामुळे. माणूस पॅडी मोलोनी, डब्लिनच्या ‘द चीफ्टन्स’ या वाद्यवृंदाचा संस्थापक. वाद्य आयरिश इलन पाइप्स. आपल्याकडे बॅगपाइप म्हटलं की लष्करी संचलन डोळ्यांसमोर येतं. गाल फुगवून फुंकायची ती स्कॉटिश पाइप उघड्या मैदानासाठी असते. इलन पाइप बसून वाजवतात, घरात वाजवतात, आणि तोंडाने फुंकत नाहीत. उजव्या कोपराखाली पट्ट्याने बांधलेला छोटा भाता असतो, त्याने डाव्या बगलेतल्या पिशवीत हवा भरायची. हवा कोरडी राहते, म्हणून आतल्या पात्यांचा आवाज मऊ राहतो. बोटांखालची नळी दोन सप्तकं देते, स्कॉटिश पाइपचे सूर जेमतेम नऊ. शिवाय ही नळी मांडीवर टेकवून तिचं तोंड बंद करता येतं, म्हणजे सूर तोडता येतो, मध्ये क्षणभर थांबता येतं. मैदानी पाइपला ही सोय नाही, तिथे आवाज एकदा सुरू झाला की सलग. मनगटाच्या कडेने दाबायच्या चाव्यांची आणखी एक जुडी असते, तिच्यातून साथीचे संवादी सूर निघतात. एवढं सगळं एका माणसाने दोन हात आणि एक मांडी यांच्या जोरावर सांभाळायचं.

दुसऱ्या बाजूला मोलोनी येतो तेव्हा गिटारांची गर्दी ओसरलेली असते. पाइपचा पहिला लांब सूर येतो आणि तो सरळ नसतो, बारीक कण घेत वळतो. हा प्रवेश ऐकून आयरिश पारंपरिक संगीत शोधायला निघालेले श्रोते थोडेथोडके नाहीत. तिथून ते ‘चीफ्टन्स’कडे गेले, ‘प्लँक्स्टी’कडे गेले, काही ब्रिटनीमधल्या आलाँ स्टिव्हेलच्या हार्पकडे गेले. रॉकच्या दुकानातून शिरून लोकसंगीताच्या अंगणात निघणाऱ्या वाटा सत्तरच्या दशकात बऱ्याच होत्या. ही त्यांतली सर्वांत रुळलेली वाट म्हणायला हरकत नाही.

पण पाइपच्या त्या मिनिटांना अल्बमचं सेल्टिकपण समजणारे श्रोते दाराशीच थांबतात, असं मला वाटतं. मोलोनी पाहुणा आहे. तो आला नसता तरी हा अल्बम आयरिश कानाचाच राहिला असता, आणि त्याचं कारण ‘तेच तेच’मध्ये आहे.

आयरिश पबमध्ये चार-पाच जण वाजवायला बसतात तेव्हा काय घडतं? एखाद्या जिगची धून घ्या. आठ मात्राखंडांचा पहिला भाग, तो दोनदा. मग आठचा दुसरा भाग, तोही दोनदा. झालं. सगळी धून अर्ध्या-पाऊण मिनिटाची. मग तीच पुन्हा, आणि पुन्हा. स्वरविस्तार नाही, एकट्याने उठून कौशल्य दाखवणं नाही. दर फेरीत एखादा कण इकडचा तिकडे होतो, बासरीवाला एक सूर गाळतो, फिडलवाला तिथेच गिरकी घेतो. बाहेरच्याला वाटतं, एकच गोष्ट चालली आहे. आत बसलेल्याला प्रत्येक फेरी वेगळी ऐकू येते. आपल्याकडे भजनी मंडळात एकच चरण घोळवत नेतात, आणि टाळकऱ्यांना त्यात कंटाळा येत नाही, उलट अंगात येतं, त्यातला हा प्रकार आहे.

‘ओमॅडॉन’ याच तत्त्वावर उभा आहे. पहिल्या बाजूच्या आरंभी एक हळवी, खाली वळणारी सुरावट येते. ती आधी दबक्या आवाजात, मग गिटारवर, मग दुसऱ्या गिटारवर, मग मानवी आवाजांच्या पडद्यामागून. मधे लेस्ली पेनिंगचा रेकॉर्डर, म्हणजे सरळ धरायची बासरी, एक नाचरी धून घेऊन येतो आणि वारं बदलतं. पण मूळ सुरावट दबा धरून असतेच. पब आणि ओल्डफील्डची खोली यांत फरक एवढाच की पबमध्ये पाच माणसं एकत्र फेरी मारतात, इथे एकच माणूस एकेक वाद्य घेऊन, एकेक ट्रॅकवर, स्वतःबरोबरच फेरी मारतो. ‘ट्युब्युलर बेल्स’च्या पहिल्या बाजूच्या शेवटी हीच युक्ती होती, फक्त तिथे व्हिव्हियन स्टॅनशॉल प्रत्येक वाद्याचं नाव पुकारून तिचा खेळ करतो. ‘ओमॅडॉन’मध्ये कोणी नाव पुकारत नाही. ते आपलं आपण ओळखायचं.

यातूनच श्रोत्यांच्या दोन मोठ्या छावण्या पडतात. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे ‘जेनेसिस’, ‘यस’, ‘किंग क्रिमसन’ अशी ज्यांची घडण, त्यांना इथे काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. अवघड ताल नाहीत, दर दोन मिनिटांनी वळण नाही, ड्रमवाल्याला घाम फुटत नाही. ते म्हणतात, हे सुंदर आहे, पण पुढे कुठे जातं? त्यांचा प्रश्न खरा आहे. दुसरी छावणी उत्तर देते, की कुठे जायचंच नाही, इथेच खोल उतरायचं आहे. या छावणीतले काही जण त्यातून पुढे न्यू एज संगीताकडे गेले. तेव्हा पहिल्या छावणीला टाळ्या पिटायला निमित्त मिळालं: बघा, आम्ही म्हणत होतो ना, हे योगवर्गात लावायचं संगीत! हा शेरा अन्यायाचा आहे. योगवर्गाच्या संगीतात पहिल्या बाजूचा शेवट बसवून दाखवावा.

तो शेवट असा. सगळं शांत होत आलेलं असताना ढोल सुरू होतात. वाजवणारे ‘जबुला’ या संघाचे, वर्णभेदी राजवटीतून बाहेर पडून लंडनला आलेले दक्षिण आफ्रिकन वादक, ज्युलियन बाहुला त्यांचा म्होरक्या. त्यांच्या ठेक्यावर बायकांचे आवाज एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणू लागतात. वर वाद्यं चढत जातात, आणि शेवटी ओल्डफील्डची इलेक्ट्रिक गिटार फुटते. फुटते हाच शब्द. तो प्लेक्ट्रम न धरता बोटांनी वाजवतो, सूर व्हायोलिनवाल्यासारखा थरथरवतो, आणि इथे तो थरथराट किंकाळीला जाऊन भिडतो. मग गिटार तुटते, आवाज विरतात आणि उरतात फक्त ढोल. बाजू संपते.

या जागेबद्दल नापसंती ऐकलेली मला फारशी आठवत नाही. जे बाकी अल्बमला नावं ठेवतात तेही इथे वरमतात. आईच्या मृत्यूचं वर्ष माहीत असलेले श्रोते यात शोक ऐकतात, आणि तसं ऐकण्यात गैर नाही. पण ज्यांना चरित्राची एक ओळ ठाऊक नसते त्यांनाही ही जागा हलवते, हे विसरून चालणार नाही. मजा आहे ती बायकांच्या त्या ओळीत. वर्षानुवर्षं अनेकांना ती प्राचीन मंत्रासारखी वाटत आली आहे. प्रत्यक्षात ‘मेलो कँडल’ या आयरिश संघाची गायिका क्लोडा सायमंड्स हिने आयरिश भाषेत बसवून दिलेलं ते निव्वळ घरगुती गमतीचं बोलणं आहे, मांजर आणि दूध असल्या विषयांवरचं. हे कळल्यावर काही श्रोते खट्टू होतात. काहींची मात्र कळी खुलते. तेवढ्याने ढोलांचा जोर कमी झाल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही.

आफ्रिकी ढोल आले, मग सेल्टिक कसलं, हा सवाल पारंपरिक संगीताचे कडवे पुरस्कर्ते करतात. त्यांच्या हाती आणखी मुद्दे देता येतील. वादक इंग्लंडमध्ये जन्मलेला, घर वेल्सच्या सीमेवर, पितळी वाद्यांसाठी आणलेला बँड शेजारच्या हेरफर्ड गावचा, वापरलेलं बुझुकी हे तंतुवाद्य मूळचं ग्रीसचं, टिंपनी वाजवणारा पियेर मोर्लेन फ्रेंच. नकाशा घेऊन बसलं तर आयर्लंडच्या वाट्याला मोलोनी, एक गायिका, तिने लिहिलेली ती ओळ, आणि आयरिश शब्दावरून घेतलेलं शीर्षक, एवढंच येतं. पण नकाशा घेऊन संगीत ऐकायला बसणाऱ्याला ‘चीफ्टन्स’ही पुरते आयरिश वाटायचे नाहीत, कारण मोलोनीची ती आखीवरेखीव वाद्यवृंदाची मांडणीही जुन्या खेडेगावांत नव्हती, ती विसाव्या शतकाच्या मध्यावर शहरात घडली. धून गोल फिरवत ठेवण्याचा जो धीर या अल्बममध्ये आहे तो मला पाइपपेक्षा जास्त आयरिश वाटतो. आणि त्या धीराला आफ्रिकी ढोल परके नाहीत, तेही गोलच फिरतात.

दुसऱ्या बाजूचा आरंभ हा खरा कसोटीचा भाग. एकावर एक इतक्या गिटारी रचल्या आहेत की कोणती कुठे संपते ते कळत नाही. सूर भिंतीसारखा समोर उभा राहतो आणि हळूहळू सरकतो. एलपीवर ऐकलेल्यांची आणि सीडीवर ऐकलेल्यांची मतं इथे वेगळी पडतात, आणि त्यामागे साधं यांत्रिक कारण आहे. एलपीवर ढोल विरले, की उठायचं, तबकडी उलटायची, सुई ठेवायची. तेवढ्या वेळात कान निवतो. कॅसेटवाल्यांनाही बाजू बदलावीच लागे. सीडीवर मात्र ढोल आणि भिंत यांच्यात दोन-चार सेकंद असतात, आणि भिंत नको इतकी जाड वाटते. सीडीवर ऐकून ज्यांनी दुसऱ्या बाजूला नापास केलं त्यांनी मधे चहा टाकून पुन्हा एकदा ऐकावं. माझं स्वतःचं मत या बाजूकडे झुकतं. पहिली बाजू पहिल्याच ऐकण्यात जिंकते, दुसरी उशिरा जिंकते पण मग सोडत नाही. भिंत विरघळून पाइपला वाट करून देते ती जागा अख्ख्या अल्बममध्ये मला सगळ्यात प्रिय आहे. तिथून पुढे पाइप आणि गिटार मिळून नाचाकडे वळतात तेव्हा ही माणसं शोकसभेतून जत्रेत कशी आली, याचा पत्ताही लागत नाही.

आणि मग ‘ऑन हॉर्सबॅक’. तीनेक मिनिटांचं गाणं, ओल्डफील्ड स्वतः अर्धवट बोलत अर्धवट गात म्हणतो, सोबत गावातली मुलं. विल्यम मरे या मित्राबरोबर लिहिलेलं. विषय घोड्यावर बसून रपेट करण्याचं सुख, यापलीकडे काही नाही. इथे पुन्हा फूट पडते. एवढं उत्तुंग ऐकवून शेवटी बालगीत कशाला, म्हणून सुई उचलणारे एकीकडे. त्याच गाण्यासाठी अल्बम लावणारे दुसरीकडे, आणि दुसऱ्या गटात वय वाढेल तशी भरती होते असं दिसतं. मी मधला. गाणं साधं आहे, पण अल्बम भव्यतेत संपला असता तर तो आढ्यतेच्या फार जवळ गेला असता. ओल्डफील्डला ते कळलं होतं, किंवा त्याला फक्त घोडे आवडत होते. दोन्ही कारणं पुरेशी आहेत. त्याच वर्षाअखेरीस पेनिंगच्या रेकॉर्डरसह ‘इन डल्सी ज्युबिलो’ या जुन्या ख्रिसमस-गीताची छोटी रेकॉर्ड आली, तिच्या मागच्या बाजूला हेच गाणं होतं. ती रेकॉर्ड ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत गेली. ‘ओमॅडॉन’ही चौथ्यापर्यंतच गेला होता.

‘ओमॅडॉन’ घेऊन ओल्डफील्ड तेव्हा दौऱ्यावर निघालाच नाही, मोठा दौरा थेट १९७९मध्ये झाला. त्यामुळे ‘तेव्हाच्या मैफलीत काय वाजवलं होतं!’ असं सांगून इतरांना गप्प करणारा ज्येष्ठ श्रोता या वादात नाही. सगळ्यांजवळ तीच साधारण ३७ मिनिटं. कदाचित म्हणूनच वाद इतका बारकाईने चालतो. १९९०मध्ये ‘अमारोक’ आला, तासाभराचा, अखंड, खोडकर, मोलोनीला पुन्हा घेऊन. काहींनी त्यालाच ‘ओमॅडॉन’चा वारस मानलं. मग २०१७मध्ये साक्षात ‘रिटर्न टू ओमॅडॉन’. श्रोत्यांच्या मनात ‘ट्युब्युलर बेल्स’पेक्षाही ‘ओमॅडॉन’ला जास्त जागा आहे हे लोकांच्या बोलण्यातून कळलं, त्यातून हा अल्बम सुचला, अशा आशयाचं ओल्डफील्ड तेव्हा म्हणाला होता. म्हणजे इथे श्रोत्यांच्या मतांनी थेट एक अल्बम घडवून आणला. बहामाजमध्ये बसून त्याने या खेपेला सगळी वाद्यं एकट्याने वाजवली. तोही ब्रिटनमध्ये चौथाच आला.

‘रिटर्न’ देखणा आहे. बोटं अजून तीच आहेत, सुरावटी गोड आहेत, फेऱ्याही आहेत. पण मोलोनी नाही, जबुला नाहीत, पेनिंग नाही, आणि त्यांच्याबरोबर गेलेला धोकाही नाही. पाहुणा आला की यजमानाला आपली धून थोडी मोडून त्याला जागा करून द्यावी लागते. १९७५च्या अल्बममध्ये जिथे जिथे अंगावर काटा येतो तिथे कोणीतरी पाहुणा हजर असतो. एकट्याने फिरवलेली फेरी नीटस होते, पण तिच्यात कोणी दचकवत नाही. या मताशी न जुळणारे श्रोते पुष्कळ आहेत. त्यांच्या मते उतारवयातला हा शांतपणा कमावलेला आहे, त्याला धोक्याच्या मापाने मोजणं चूक आहे.

ज्यांनी यातलं काहीच ऐकलेलं नाही त्यांनी १९७५पासून सुरुवात करावी, मूळ मिश्रणात. १९७६च्या ‘बॉक्स्ड’ या संचातलं चार स्पीकरांसाठी केलेलं मिश्रण आणि नंतरच्या आवृत्त्या पुढे कधीतरी. पहिल्या ऐकण्यात कोणती वाद्यं कुठे येतात ते मोजत बसू नये. दुसऱ्या ऐकण्यात जरूर मोजावं, आणि ‘तेच तेच’ वाटलं त्या जागा कागदावर लिहून ठेवाव्यात. तिसऱ्या खेपेला त्याच जागांपाशी मत बदलतं का ते पाहावं. माझं काही ठिकाणी बदललं. काही ठिकाणी अजून बदललेलं नाही, आणि त्या जागांवरून माझा वाद अजून चालू आहे.